पंपावरचा आकडा १२८ वर थांबला तो

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी डॉक्टर स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले, एक पंप ठेवला आणि काही न बोलता परत आपल्या खोलीत गेले. पंपाच्या पाठीवरच्या छोट्या खिडकीत आकडा दिसत होता : १२८.

मी नागपुरातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे आठवड्यातून दोन दिवस आहारतज्ज्ञ म्हणून बसते. आमच्याकडे इनहेलरला कुणी इनहेलर म्हणत नाही, पंपच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. मुलाला त्याच्या घरच्यांसारखं छोटू म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि बोलणी जशी होती तशीच आहेत, माझं बोलणंही. माझ्याच बोलण्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

छोटू नऊ वर्षांचा. नोव्हेंबरात पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा वजन २४ किलो, अंगाने शिडशिडीत. कोराडी रोडच्या बाजूला घर, घरात आई-वडील, धाकटी बहीण आणि आजी. चौथ्या वर्षापासून दर हिवाळ्यात रात्रीचा खोकला, छातीत घरघर. घरात त्याला ‘ॲलर्जीचा खोकला’ म्हणत. ‘दमा’ हा शब्द आजोबांसाठी राखून ठेवलेला होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर गल्लीत साचला आणि पोरगा श्वासासाठी खांदे उचलू लागला. दोन रात्री रुग्णालयात, वाफेवाटे औषध, पाच दिवस पोटात घ्यायचं स्टेरॉइड. त्या वर्षातला तोंडावाटे स्टेरॉइडचा हा दुसरा कोर्स होता.

१० नोव्हेंबरपासून डॉक्टरांनी रोजचा पंप सुरू केला. ब्युडेसोनाइड, म्हणजे श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, १०० मायक्रोग्रॅम, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मधली प्लास्टिकची नळी) लावून सकाळी एक, रात्री एक. अडीअडचणीला निळा पंप वेगळा. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व मिलिलिटरला १४ नॅनोग्रॅम निघालं. १२ ते २० मधल्या आकड्याला आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ ‘अपुरं’ म्हणतात, १२ च्या खाली गेलं तर ‘कमतरता’. त्यासाठी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, सहा आठवडे, नंतर बंद. हिमोग्लोबिन १०.४ होतं (या वयाला ११.५ तरी हवं), म्हणून लोहाचं सिरप. आणि जेवणाचं बघायला माझ्याकडे.

मी नेहमीसारखी कालपासून आजपर्यंतची यादी घेतली. सकाळी चहा-टोस्ट. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. दुपारी वरण-भात, तोही अर्धा. संध्याकाळी बिस्किटं. रात्री जेमतेम एक पोळी. दही बंद, केळं बंद, संत्रं बंद. का, तर कफ होतो. नोव्हेंबर म्हणजे आंबिया बहाराचे दिवस, गल्लीच्या तोंडाशी संत्र्यांची हातगाडी उभी, आणि या घरात ‘क’ जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्यांची पट्टी विकत आणलेली! गोळीला वासही संत्र्याचाच. मी म्हटलं, एका मध्यम संत्र्यात त्याची दिवसभराची गरज भागते, आणि दम्यात संत्रं बंद करायचं काही कारण नाही. एखाद्या मुलाला एखादी वस्तू खाल्ल्यावर खरंच त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी, तसं छोटूचं काही नव्हतं. आईने मान डोलावली. आजीने नाही.

तोवर सगळं रुळावर होतं.

डिसेंबरच्या मध्यावर आईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पलंगावर ओळीने मांडलेला संच : चॉकलेटी चवीच्या ‘इम्युनिटी’ पावडरचा डबा, माशाच्या तेलाच्या चघळायच्या गोळ्या, जस्त घातलेलं मल्टिव्हिटॅमिनचं सिरप आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब. वडिलांच्या मित्राच्या बायकोने आणून दिलेला. तिच्या भाच्याचा दमा याने गेला म्हणे. महिन्याचा खर्च २,८५०. आईने विचारलं होतं, “मॅडम, हे पंपाच्या जोडीला चालेल ना?”

मी फोटो मोठा करून लेबलं वाचली. काहीच भयंकर नव्हतं. उत्तर टाकलं, “अपाय काही नाही. द्यायचं तर द्या.”

तेवढंच. पंप चालू आहे का, हे विचारलं नाही. आधीची पुडी चालू आहे की संपली, हेही नाही. त्या दिवशी असे पाच-सहा फोटो आले असतील. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिली आहे.

१२ फेब्रुवारीच्या पहाटे छोटूला पुन्हा जोराची धाप लागली. या वेळी भरती करावं लागलं नाही, पण पोटातल्या स्टेरॉइडचा तिसरा कोर्स लागलाच. तीन दिवसांनी फेरतपासणीला आले तेव्हा डॉक्टरांनी पंप मागून घेतला.

आता हिशेब. नव्या पंपात २०० मात्रा. रोज दोन, १० नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी म्हणजे ९७ दिवस, १९४ मात्रा. खिडकीत ६ दिसायला हवा होता. दिसत होता १२८. म्हणजे ७२ वापरल्या, ३६ दिवसांच्या. १० नोव्हेंबरपासून ३६ दिवस मोजले की १५ डिसेंबर येतो. मी फोन काढून तो पलंगावरचा फोटो शोधला. तारीख होती १५ डिसेंबर.

मी आईकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती. बोलल्या त्या आजी.

“तुमीच त म्हनलं होतं ना जी मॅडम, अपाय नाई म्हनून. मंग म्या म्हनलं, ताकदीचं चालू झालं त पंप काहून पाह्यजे? पोट्ट्याले सवय लागन ना पंपाची. आन तो खोकलत बी नव्हता बाप्पा!”

खोकत नव्हता हे अगदी खरं. आणि का खोकत नव्हता, यातच प्रकरणाचा उलगडा आहे. श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड निळ्या पंपासारखं पाच मिनिटांत मोकळं करत नाही. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सूज ते हळूहळू उतरवतं, काही दिवस ते काही आठवडे घेतं. नोव्हेंबरात सुरू केलेल्या पंपाचं फळ डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसू लागलं, रात्रीचा खोकला थांबला. नेमका तेव्हाच डबा घरात आला. डबा पोचला तो आधीच बऱ्या झालेल्या पोरापाशी, आणि श्रेय त्याने खिशात घातलं. पंप थांबला तरी सूज एका दिवसात परत येत नाही, म्हणून पुढचे काही आठवडेही बरे गेले. घरच्यांना वाटलं, बघा, पंपाशिवाय चाललंय. संक्रांतीच्या सुमाराला पहाटेचा खोकला सुरू झाला तेव्हा थंडीला दोष दिला, पावडरीचा एक चमचा वाढवला. पंप बंद झाल्याला तोवर महिना उलटला होता, तो कुणाच्या मनातही आला नाही.

दम्यात हे नेहमीचंच. आजारच चढ-उताराचा. माणूस नवं काहीतरी सुरू करतो ते त्रास सर्वांत जास्त असताना किंवा नुकता होऊन गेल्यावर. त्यानंतर उतार येणारच असतो. त्या वेळी हातात जे असेल ते औषध ठरतं. मित्राच्या बायकोच्या भाच्याचंही असंच झालं असेल का, कोण जाणे. त्याच्या पंपाचा आकडा आपण पाहिलेला नाही.

मग मी आईला म्हटलं, ताई, घरात जे जे चालू आहे ते सगळं सोमवारी पिशवीत घालून आणा. पिशवी उघडली तेव्हा चार नव्हे, सात वस्तू निघाल्या. संचातल्या चार, आजीचा च्यवनप्राश, लोहाचं सिरप आणि ६०,००० च्या पुड्यांचा नवा कोरा डबा. सहा आठवड्यांच्या पुड्या डिसेंबरअखेर संपायला हव्या होत्या. “मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहून पुन्हा दिल्या,” आई म्हणाली. सहाच्या जागी तेरा झाल्या होत्या. वर थेंबांतून रोज ८००, पावडरीतून ४००, मल्टिव्हिटॅमिनमधून ४००.

आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार. या वयाच्या मुलाने डॉक्टरांच्या देखरेखीविना रोज घ्यायची कमाल मर्यादा ४,००० युनिट धरतात, आणि निरोगी मुलाची रोजची गरज असते ६००. डॉक्टरांनी तातडीने तपासणी करवली. ‘ड’ जीवनसत्त्व १४ वरून ८६ वर गेलेलं. रक्तातलं कॅल्शियम सुदैवाने जागेवर होतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे सहज निघून जात नाही. फार साठलं की कॅल्शियम चढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि पुढे मूत्रपिंडाला धोका. छोटू तिथवर पोचला नव्हता, पण वाट तीच धरलेली. “अपाय काही नाही” असं मी ज्याबद्दल लिहिलं ते हे. एकेका डब्याचं लेबल वाचून ते बरोबरच होतं. बेरीज कुणी केली नव्हती, आणि बेरीज करणं हे तर माझं कामच.

दुसरी गंमत लोहाची. गंमत कसली! छोटूला खरोखर गरज असलेली पूरक गोष्ट एकच होती, लोह. ते सिरप आई रोज न चुकता देत होती, पावडर घातलेल्या दुधात मिसळून, कारण नुसतं घेतलं की तो तोंड वाकडं करायचा. दुधातलं कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. हिमोग्लोबिन नोव्हेंबरात १०.४, फेब्रुवारीत १०.३. त्यातून दोन मोठे चमचे पावडर घातलेलं गोड दूध संध्याकाळी सातला पोटात गेल्यावर रात्री जेवायला भूक कुठून राहणार? वजन तीन महिन्यांत दोनशे ग्रॅमने वाढलं होतं. लागायला हवी होती ती वस्तू, नको असलेल्या वस्तूने लागू दिली नाही.

डब्याच्या मागच्या बाजूला इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ ‘औषधी वापरासाठी नाही’. ती छापणं या वस्तूंवर बंधनकारक आहे. अन्नसुरक्षा नियमांनुसार त्या अन्न म्हणून विकल्या जातात, औषध म्हणून नव्हे, त्यामुळे त्यांना दमा बरा करून दाखवावा लागत नाही. मी ती ओळ आईला बोट ठेवून वाचून दाखवली. तिने डबा फिरवून पुढची बाजू पाहिली. तिथे छाती पुढे काढून उभा असलेला मुलगा होता.

आता मूळ प्रश्न, आईने विचारलेला : जोडीला चालेल का? त्याचं नीट उत्तर मी डिसेंबरात द्यायला हवं होतं ते इथे देते.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल आशा होती, आणि ती वेडगळ नव्हती. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ मधल्या आढाव्यात असं दिसलं की नेहमीच्या उपचाराच्या जोडीला ते दिल्याने स्टेरॉइड लागण्याइतके जोराचे झटके कमी होतात. तेव्हा आम्हीही कान टवकारले. पण त्यातला मोठा भार प्रौढांच्या चाचण्यांवर होता. मग खास मुलांसाठीची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली : ६ ते १६ वर्षांची १९२ मुलं, सगळ्यांचं ‘ड’ ३० च्या खाली, सगळ्यांचा पंप चालू. निम्म्यांना ४८ आठवडे रोज ४,००० युनिट, निम्म्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी. झटक्यांत फरक नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ‘ड’ कमी असलेल्या ४ ते १२ वर्षांच्या दमेकरी मुलांना नऊ महिने रोज १,००० युनिट देऊन पाहिलं, दम्याच्या नियंत्रणात फरक पडला नाही. आणि २०२३ मध्ये कॉक्रेननेच २० चाचण्या घेऊन आढावा नव्याने केला, तेव्हा आधीचा फायदा उरला नाही. म्हणून छोटूच्या १४ ला पुड्या देणं योग्यच होतं, पण हाडांसाठी. छातीसाठी नव्हे.

माशाच्या तेलाचंही तसंच. जास्त वजनाच्या, दमा असलेल्या किशोरवयीन व तरुण मुलांना सहा महिने रोज चार ग्रॅम देऊनही दम्यावर ताबा सुधारला नाही. डेन्मार्कमध्ये गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत माशाचं तेल दिलं तेव्हा त्यांच्या मुलांमध्ये घरघर आणि दमा कमी दिसला, हे खरं आहे. पण ती गोष्ट पोटातल्या बाळाची. नऊ वर्षांच्या, दमा जडलेल्या पोराला चघळायच्या गोळ्या देऊन ती लागू होत नाही. दुकानात मात्र दोन्ही एकाच वाक्यात सांगतात. मॅग्नेशियम तर आणखी फसवं : जोराच्या झटक्यात रुग्णालयात ते शिरेतून देतात आणि त्याचा उपयोग होतो. त्यावरून मॅग्नेशियमच्या रोजच्या गोळ्या विकल्या जातात. ‘क’ आणि जस्ताबद्दलही मुलांच्या दम्यात भरवशाने सांगावं असं हाती काही नाही.

आजींची शंका मात्र मी झटकून टाकली नाही. सवय लागत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, पण त्यांच्या मनात ‘स्टेरॉइड’ हा शब्द रुतला होता, आणि तो निराधार नाही. ब्युडेसोनाइडचा पंप काही वर्षं घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटीमीटर कमी उंच निघाली, हे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासात दिसलं. डॉक्टरांनी हे आजींना लपवून न ठेवता सांगितलं, बोटाच्या पेरावर दाखवून. मग दुसरं सांगितलं. झटका आला की पोटातून द्यावं लागतं ते स्टेरॉइड छोटूच्या वजनाला दिवसाला २४ मिलिग्रॅम, म्हणजे २४,००० मायक्रोग्रॅम. पंपातून दिवसाला जातं २००. दोन औषधं वेगवेगळी आहेत, थेट वजनाची तुलना काटेकोर नाही, आणि पंपाचं औषध जास्त तीव्र असतं, हेही त्यांनी सांगितलं. पण एक साऱ्या अंगात फिरतं, दुसरं बहुतेक छातीपुरतं राहतं. स्टेरॉइड नको म्हणून पंप थांबवला, आणि पोराच्या पोटात स्टेरॉइडचा तिसरा कोर्स गेला. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मंग हे अदुगर काहून नाई सांगतलं?”

याला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

पंप घेण्याची पद्धत त्याच दिवशी पाहिली. छोटूने स्पेसर तोंडाला लावला, दाबलं, एक जोराची ‘सुई’ अशी शीळ वाजवत श्वास ओढला आणि विजयी चेहऱ्याने बाजूला केला. शीळ वाजली म्हणजे श्वास फार जोरात ओढला, औषध घशात आपटलं. शिवाय आई रोज स्पेसर धुऊन फडक्याने लख्ख पुसत होती. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, तोही रोज नाही. सावकाश पाच-सहा श्वास, नंतर चूळ. नोव्हेंबरात शिकवलं होतंच. तीन महिन्यांनी पुन्हा करून दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं.

पिशवीतल्या सातांपैकी छोटूसाठी परत घरी गेलं ते फक्त लोहाचं सिरप. आता ते दुपारी जेवणाआधी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. पुड्या आणि थेंब बंद. च्यवनप्राशाबद्दल मी वाद घातला नाही, आजींनीच आपल्यासाठी ठेवून घेतला. जेवणात फार काही केलं नाही. संध्याकाळचं दूध साधं आणि पाच वाजता, बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे-गूळ, आठवड्यातून तीनदा अंडं, दही पुन्हा सुरू. मृग बहाराची संत्री तेव्हा नुकती बाजारात येत होती. ओमेगा-३ चं काय, असं आईने विचारलं तेव्हा आजींच्या जेवणाच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी होती. जवसातलं ओमेगा-३ माशातल्यासारखं नाही, आणि त्यानेही दमा जाणार नाही. पण ती चटणी चांगली लागते, आणि २,८५० रुपयांत कित्येक किलो जवस येतं.

घरातलं एकच सांगते. माळ्यावरून काढलेली रजई उन्हात न घालताच पांघरायला घेतली होती, आठ महिन्यांच्या धुळीसकट. आणि उन्हाळा तोंडावर होता, म्हणजे कुलर. मागच्या वर्षीच्याच ताट्या, त्यांवर काळी बुरशी, आणि त्यावरून येणारा गार वारा थेट छोटूच्या उशाशी. ताट्या बदलायला चारशे रुपये लागले. पावडरीचा एक डबा त्याहून महाग होता.

मार्चपासून आजपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, पोटातलं स्टेरॉइड लागलेलं नाही. जुलैत सर्दी झाली तेव्हा निळा पंप तीन दिवस लागला. हिमोग्लोबिन जूनमध्ये ११.६. वजन २५.८. ‘ड’ खाली उतरून ४१ वर आलं. यातलं किती पंपाचं, किती ताट्यांचं आणि किती ऋतूचं, हे एका मुलावरून सांगता येणार नाही. पंपाचं बरंचसं असावं असं मला वाटतं. छोटू रोज रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत पंपाचा आकडा लिहितो. कधी एखादी चौकट रिकामी राहते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावरून आईला कळतं.

माझ्याकडे अजूनही फोटो येतात, लेबलं येतात. आता उत्तर लिहिण्याआधी मी पंपाच्या पाठीचा फोटो मागवते आणि घरात आधीपासून काय काय चालू आहे ते विचारते. काही जण पाठवतात, काहींचा मग निरोपच येत नाही.

परवा आजी आल्या होत्या. कोजागिरीला एका गावी चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देतात, तिथे छोटूला न्यायचं त्यांच्या मनात आहे. विचारायला बिचकत होत्या. डॉक्टरांनी खिरीत काय घालतात ते विचारलं. आजींना माहीत नव्हतं. नुसती खीर असेल तर खाऊ द्या, मुळी-पाला काही घातलेलं असेल तर नको, आणि रात्रीचा पंप निघण्याआधी द्या, असं ते म्हणाले. आजींनी थोडा विचार केला आणि विचारलं, “निळा बी पिशवीत ठेवू ना जी?”